शेतकऱ्यांचा अर्धा र हरवला तेव्हा

मी बेळगावात अनगोळला राहते आणि घरातूनच डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्याचं काम करते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, मंडळांची पावतीपुस्तकं, वर्षाकाठी एखाददुसरी स्मरणिका. सतरा वर्षं झाली. मराठी मॅटर माझ्याकडे आणि कन्नड मॅटर शहापुरातल्या एका अक्कांकडे, अशी आमची जुनी वाटणी आहे. इतक्या वर्षांत काही अडलं की आजूबाजूच्या प्रेसवाल्यांना फोन करायचा, एवढंच मला ठाऊक होतं. गेल्या ऑक्टोबरात त्या फोनांनी भागेना, तेव्हा पहिल्यांदा इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांपुढे माझी अडचण मांडावी लागली. पहिला प्रश्न बंद झाला, दुसऱ्याला उत्तर मिळालं. मधल्या चार दिवसांत जे समजलं ते लिहून ठेवतेय. आपल्याकडे निपाणीपासून खानापूरपर्यंत असं काम करणारे पुष्कळ आहेत आणि जुन्या फॉन्टाचा हा त्रास आज ना उद्या सगळ्यांच्या दारात येणार आहे.

काम आलं दसऱ्याला, २ ऑक्टोबर २०२५ रोजी. खानापूर तालुक्यातल्या एका शेती सोसायटीला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. स्मरणिका ९६ पानांची, म्हणजे सोळा पानांचे सहा फॉर्म. पानाला ७० रुपये ठरले, २,००० आगाऊ मिळाले. प्रकाशन ७ डिसेंबरला, रविवारी. साधारण ४० पानांचं मॅटर जुन्या अहवालांतून घ्यायचं होतं आणि ते अहवाल मीच केलेले, जुन्या पद्धतीच्या फॉन्टात.

हे फॉन्ट ज्यांनी वापरले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्यांत मराठी अक्षराला स्वतःची जागा नसते. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर काना, वेलांटी, अर्धी अक्षरं असे तुकडे बसवलेले असतात. तो फॉन्ट मशीनवर नसेल तर पानभर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. युनिकोडात तसं नाही. तिथे प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक आहे, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहतं.

त्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीकडून येणारे अपडेट, संपणार होता. माझं मशीन २०१६ सालचं. ते विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हतं आणि नवीन घ्यायला हातात पैसे नव्हते. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "आत्या, उबुंटू टाकून बघू की. लिब्रेऑफिस त्यात येतंच." उबुंटू म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली आणि लिब्रेऑफिस म्हणजे मजकूर लिहायचा, पानं लावायचा मोफत प्रोग्रॅम. शनिवारी, १८ तारखेला, २४० जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची डिस्क, घेतली, १,८५० रुपयांना. जुनी हार्ड डिस्क काढून पिशवीत बांधून कपाटात ठेवली. त्याने उबुंटू २४.०४ बसवून दिलं आणि एक सवय लावून गेला: कामाच्या प्रत्येक टप्प्याला फाइलची वेगळी प्रत ठेवायची. टप्पा १, टप्पा २, अशी नावं देऊन. तेव्हा मला तो पसारा वाटला होता.

भाऊबीज झाली आणि २४ ला मी कामाला बसले. जुनं मॅटर कन्व्हर्टरमधून युनिकोडात आणलं, लिब्रेऑफिसमध्ये घेतलं, जास्तीच्या रिकाम्या जागा आणि कचरा साफ केला, पानं लावली, पीडीएफ काढली. रविवारी रात्री ९६ पानं तयार होती. सोमवारी खडेबाजारात प्रूफं काढली, पानाला २ रुपयांप्रमाणे १९२ रुपये झाले, आणि खानापूरला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे दिली.

मंगळवारी सकाळी साडेदहाला सोसायटीचे सेक्रेटरी काका स्वतः बसने आले. पाणीसुद्धा न घेता त्यांनी पहिलं पान उघडलं.

"वैनी, ह्ये काय झालंय ओ? शेतकर्यांची? आमच्या कव्हरवरच चुकलंय बघा की."

खरंच होतं. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दाचं ‘शेतकर्यांची’ झालेलं. काकांनी पहिल्या वीस पानांत लाल पेनाने ६१ गोल केले होते. कर्मचाऱ्यांना, व्यापाऱ्यांकडून, पदाधिकाऱ्यांचे, दुसऱ्या, तिसऱ्या. सोसायटीच्या मजकुरात हा तिरपा अर्धा र पावलोपावली येतो, कारण शेतकरी, कर्मचारी, अधिकारी यांच्याशिवाय तिथे वाक्यच होत नाही. आणि ही नुसती दिसण्यातली चूक नाही. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. आभाराच्या पानावर जेवण करणाऱ्या आचाऱ्यांचे आभार मानले होते, ते छापून आले असते आचार्यांचे. पन्नास वर्षं ज्यांनी पै-पै जमवून सोसायटी उभी केली, त्यांचं नाव त्यांच्याच पुस्तकात चुकीचं जाणार, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला. काकांना म्हटलं, आठ दिवस द्या.

आधी हाताने दुरुस्त करायला लागले. दोन तासांत नऊ पानं झाली. मग सगळीकडे एकदम ‘र्य’ शोधून ‘ऱ्य’ घातला, तर ‘कार्यकारी मंडळ’चं ‘काऱ्यकारी मंडळ’ झालं आणि पर्याय, सूर्य, धैर्य, कार्यालय सगळेच बिघडले. ते लगेच मागे घेतलं.

त्या संध्याकाळी आमच्या भागातल्या डीटीपीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं. दोघांनी लगेच लिहिलं, फॉन्ट बदला. पाच फॉन्ट बदलले, काही फरक पडला नाही. एका जुन्या मित्राने फोन करून अर्धा तास समजावलं आणि शेवटी जुनं विंडोजच परत टाक म्हणाला. तोपर्यंत ग्रुपवर प्लेटचा वाढलेला दर, विकायचं कटिंग मशीन, कुणाच्या तरी वडिलांच्या निधनाची बातमी आणि १ नोव्हेंबरचे फॉरवर्ड येऊन गेले होते. सकाळी माझा प्रश्न शंभर मेसेजांच्या वर गेला होता. त्या ग्रुपमधल्या माणसांबद्दल माझ्या मनात काडीचीही तक्रार नाही. रात्री अकराला फोन करणारा माणूस कुठे मिळतो? पण तिथे कुठलाच प्रश्न कुणाच्या डोळ्यांपुढे टिकत नाही, आणि महिन्याभराने तीच अडचण दुसऱ्याला आली तर त्याला मागचं काही सापडत नाही.

गुरुवारी, ३० तारखेला, भाच्याने लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांच्या मदत-समूहाचा पत्ता दिला. तिथे जगभरातली माणसं पगार न घेता उत्तरं देतात. रात्री साडेनऊला मी खातं उघडलं आणि लिहायला बसले.

त्या पहिल्या प्रश्नात काय काय होतं ते सांगते. मथळा होता ‘फार तातडीचं, मराठी अडचण, कृपया मदत करा’. खाली विंडोज १० संपल्याचं, नवीन मशीन परवडत नसल्याचं, सोसायटीच्या पन्नास वर्षांचं, ७ डिसेंबरचं. मग अक्षरं बिघडल्याचं. मग माझा जुना प्रिंटर उबुंटूत कडेला रेघा मारतो, त्याचं काय करू. मग प्रेसला पाठवायच्या पीडीएफमध्ये कापायची जागा कशी सोडतात. शेवटी ‘मराठीसाठी सगळ्यात चांगला फॉन्ट कोणता?’ सोबत पडद्याचे मोबाइलवर काढलेले तीन फोटो आणि ९६ पानांची अख्खी फाइल. इंग्रजीत लिहायची सवय नाही, म्हणून एवढ्याला दोन तास लागले.

सकाळी उठून पाहिलं तर प्रश्न बंद केलेला. चार ओळींचं उत्तर होतं. यात चार वेगवेगळे प्रश्न आहेत. प्रिंटरचा प्रश्न उबुंटूच्या लोकांना विचारा. चांगल्या फॉन्टाविषयी मतं मागणं इथे चालत नाही. अक्षरांचा प्रश्न इथलाच आहे, तो एकटा, पायऱ्यांसह, लहान नमुना जोडून पुन्हा मांडा. आणि एक: तुमच्या फाइलमध्ये लोकांची नावं आणि रकमा दिसल्या, म्हणून ती आम्ही काढून टाकली आहे.

ती शेवटची ओळ वाचून माझे हातपाय गार पडले. स्मरणिकेच्या शेवटी सभासदांची यादी होती, शेअरच्या रकमांसह. विश्वासाने माझ्याकडे दिलेली यादी मी रात्रभर चव्हाट्यावर ठेवली होती. कृपा करून हे लक्षात ठेवा: गिऱ्हाइकाची फाइल कधीही जशीच्या तशी चढवू नका. तीच अडचण दाखवणारे चार शब्द नव्या कोऱ्या फाइलमध्ये लिहा आणि ती फाइल द्या. दुपारी मी काकांना फोन करून घडलं ते सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "काढलीसा न्हवं? मग ऱ्हाऊ दे."

बाकीच्या ओळींचाही तेव्हा राग आलाच. इतकं जीव तोडून लिहिलं आणि माणुसकीचा एक शब्द नाही, असं वाटलं. संध्याकाळी भाचा आला, त्याने सगळं वाचलं. "आत्या, त्यांनी तुला हाकललं नाही. प्रश्न बंद झाला म्हणजे पुसला नाही. सुधारून परत मांडायचा असतो." त्याने मला या जागांची रीत समजावली. गप्पांची आयआरसी नावाची पद्धत १९८८ साली फिनलंडमध्ये सुरू झाली, तिथे चॅनेलच्या, म्हणजे गप्पांच्या खोलीच्या, माथ्यावर विषयाची एक ओळ लिहिलेली असते. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमरांची प्रश्नोत्तरांची साइट २००८ साली आली, तिथेही विषयाबाहेरचा प्रश्न बंद करतात आणि सुधारल्यावर उघडतात. उबुंटूच्या लोकांनी तर मदतीचं एक चॅनेल ठेवलंय आणि अवांतर गप्पांसाठी वेगळं, ‘ऑफटॉपिक’ असं नाव देऊनच. उत्तर देणारा माणूस दिवसाचं काम आटपून अर्धा तास तिथे बसतो. त्या अर्ध्या तासात त्याला माझ्या चार प्रश्नांतला त्याचा कुठला हे शोधायला लावलं, तर तो पुढच्या प्रश्नाकडे जाणार. आणि ज्याला प्रिंटरमधलं कळतं तो तर अक्षरांचा मथळा बघून आत येणारच नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर. बेळगावात या दिवशी काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे बेळगाव कर्नाटकात गेलं म्हणून पाळला जाणारा आपला काळा दिन. बाबा सकाळीच मूक सायकल फेरीला गेले. वय ७४, तरी चुकवत नाहीत. बाजार बंद, काम बंद. मी वही घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले.

आधी मराठीत लिहिलं. हा माझा सगळ्यात कामाचा सल्ला समजा. अडचण आधी आपल्या भाषेत, कागदावर, घडली त्या क्रमाने लिहायची, आणि मग इंग्रजी करायचं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, क्रम चुकलेला चालत नाही. माझ्या पायऱ्या अशा झाल्या: जुन्या फॉन्टातलं मॅटर उचललं. कन्व्हर्टरमधून काढलं. लिब्रेऑफिसमध्ये चिकटवलं. मॅटर साफ केलं. फॉन्ट दिला. पीडीएफ काढली.

चौथी पायरी लिहून मी खोडली होती. रिकाम्या जागा काढण्याचा आणि अक्षर बिघडण्याचा काय संबंध? उगाच लांबण नको, एवढं बोलणं खाल्लंय. मग वाटलं, काय संबंधाचं आणि काय नाही हे मला कळत असतं तर मी विचारायलाच कशाला गेले असते? सोसायटी, ७ डिसेंबर, विंडोज, प्रिंटर हे सगळं खोडलं. चौथी पायरी परत लिहिली, पूर्ण: इंटरनेटवरून घेतलेला एक तयार मॅक्रो (ठरावीक काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) चालवला, जो ‘न दिसणारी सगळी चिन्हं’ काढतो.

मग टप्प्यांच्या प्रती उघडल्या आणि प्रत्येकीतून चारच शब्द नव्या फाइलमध्ये घेतले. शेतकऱ्यांच्या, कर्मचाऱ्यांना, दुसऱ्या, आणि बरोबर दिसणारा एक, कार्यकारी. मदत मेनूतून लिब्रेऑफिसचा आवृत्ती क्रमांक उतरवला. मथळा केला: ‘मराठी ऱ्य च्या जागी र्य दिसतो, कन्व्हर्टरनंतर, सर्व फॉन्टांत’. फोटोऐवजी पडद्याचं नीट चित्र घेतलं. काय दिसायला हवं आणि काय दिसतंय हे दोन ओळींत लिहिलं, कारण उत्तर देणाऱ्याला मराठी येत असेलच असं नाही. या वेळी पाच तास लागले आणि मजकूर झाला पाऊण पान. रविवारी सकाळी, २ तारखेला, चढवला.

पहिला मेसेज संध्याकाळी आला आणि तो वाचून माझं डोकं तापलं. माझ्या नावाखाली गाव म्हणून बेळगाव लिहिलेलं होतं. एकाने विचारलं, हे गाव कर्नाटकात आहे ना, मग तुम्ही मराठी कशासाठी वापरता, भाषेच्या सेटिंगमध्ये कन्नड असेल म्हणून गोंधळ झाला असेल. त्यावर दुसऱ्याने त्याला सुनावलं, तिसऱ्याने बेळगाव की बेळगावी असा फाटा फोडला. तासाभरात चार-पाच मेसेज.

मी उत्तर लिहायला घेतलं. १९५६ ची राज्यपुनर्रचना, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमाप्रश्नाचा दावा, १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन. बाबा दरवर्षी १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला जातात, लहानपणी मीही त्यांच्याबरोबर गेलेय. तो विषय माझ्यासाठी बातमीतला नाही, घरातला आहे. दोन परिच्छेद झाले. पाठवायचं बटण समोर होतं. आणि लक्षात आलं, हे पाठवलं की माझा शेतकऱ्यांचा र पुन्हा वाहून जाणार, जसा ग्रुपवर वाहून गेला. त्या माणसाच्या वाक्यात एक तुकडा खरोखर माझ्या अडचणीचा होता, सेटिंगचा. तेवढाच उचलला. ‘भाषेचं सेटिंग मराठी आहे, या मशीनवर कन्नड बसवलेलं नाही, तपासलं.’ ते दोन परिच्छेद वहीत उतरवून घेतले आणि पडद्यावरून पुसले. रात्री पाहिलं तर व्यवस्थापकांनी ते सगळे मेसेज गप्पांच्या दालनात हलवले होते आणि माझा प्रश्न स्वच्छ उरला होता. झोपेपर्यंत छातीत धडधड होती. गप्प बसण्याचं एवढं ओझं असतं हे मला माहीत नव्हतं.

सोमवारी दिवसभर काही नाही. (युरोपातली बरीच माणसं तिथे असतात, त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली रात्र. दर दहा मिनिटांनी बघत बसू नका, मी बसले होते.) रात्री अकरा वाजता एक उत्तर आलं, दोनच वाक्यांचं. चौथ्या पायरीच्या आधीच्या आणि नंतरच्या फाइलमध्ये तोच शब्द घ्या. बिघडलेली अक्षरं निवडून ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबा आणि जे क्रमांक दिसतील ते इथे लिहा.

ही कळ मला माहीत नव्हती. लिब्रेऑफिसमध्ये ती दाबली की अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक दिसतो, पुन्हा दाबली की अक्षर परत येतं. साफ केल्यानंतरच्या फाइलमधला ‘र्य’ उघडला: ०९३०, ०९४डी, ०९२एफ. म्हणजे र, पायमोड, य. तीन क्रमांक. मग साफ करण्याआधीच्या फाइलमधला ‘ऱ्य’: ०९३०, ०९४डी, २००डी, ०९२एफ. चार. मधला २००डी कुठे दिसत नाही, जागा घेत नाही, छापूनही येत नाही. पण तो असला तर र तिरपा होऊन य ला चिकटतो, नसला तर डोक्यावर रफार होऊन बसतो. माझ्या मॅक्रोने ‘न दिसणारी चिन्हं’ म्हणून नेमका तोच काढून टाकला होता, ९६ च्या ९६ पानांतून. मी वहीत दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि मधल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. फॉन्टाचा काही दोष नव्हता. ‘चांगला फॉन्ट कोणता’ हा प्रश्न महिनाभर विचारला असता तरी इथे पोचले नसते.

क्रमांक पाठवले. मंगळवारी रात्री पुढचं उत्तर आलं. साफ केलेल्या फाइलमध्ये दुरुस्ती करत बसू नका, तिथे खरा रफार आणि बिघडलेला र यांत फरकच उरलेला नाही. तिसऱ्या टप्प्याच्या प्रतीकडे परत जा. तिथे शोधा आणि बदला मध्ये रेग्युलर एक्सप्रेशन (नमुना देऊन शोधायची सोय) चालू करून ‘र्’ च्या पुढे उलटी तिरकी रेघ, यू आणि २००डी असं शोधा. त्याच्या जागी खाली टिंब असलेला ऱ, क्रमांक ०९३१, आणि पायमोड घाला. या ऱ ला तिरपं व्हायला अदृश्य चिन्ह लागत नाही. मग साफसफाई करा.

बुधवारी, ५ तारखेला, दुपारी केलं. १,१४३ जागा बदलल्या. कार्यकारी जसाच्या तसा. पर्याय, सूर्य, धैर्य, सगळे शाबूत. हा नियम य वर अवलंबून नाही, म्हणून तऱ्हा आणि वऱ्हाड हेही आपोआप नीट झाले. साफसफाईचा मॅक्रो पुन्हा चालवला, काही बिघडलं नाही. पानं परत लावायला दोन दिवस गेले आणि हाताने दुरुस्त केलेली ती नऊ पानं वाया गेली, पण प्रती ठेवल्या नसत्या तर ४० पानं मुळापासून करावी लागली असती. त्या संध्याकाळी त्रिपुरारी पौर्णिमा होती. दारात पणत्या लावताना मी आईला चार वेळा तेच सांगितलं, ती चारही वेळा हो म्हणाली.

रात्री प्रश्नाखाली सगळं नीट लिहिलं: काय होतं, कशामुळे झालं, कुठल्या पायरीने सुटलं, कुठली आवृत्ती. आणि ‘सुटला’ अशी खूण केली. वीस-पंचवीस मिनिटं लागली. आपलं काम झालं की तिथून निघून जायची घाई होते, मला ते कळतं. पण ज्याने दोन रात्री आपल्यासाठी दिल्या त्याला निदान ते जमलं की नाही एवढं तरी कळायला हवं, आणि पुढच्या वेळी हाच शब्द शोधत येणाऱ्याला उत्तर मिळायला हवं.

प्रिंटरचा प्रश्न शनिवारी उबुंटूच्या मदत-चॅनेलवर विचारला, फक्त प्रिंटरचा. मॉडेल, जोडणी, काय दिसतंय. वीस मिनिटांत ड्रायव्हरचं नाव मिळालं. कापायच्या जागेचं उत्तर मदतपानांतच होतं, विचारावं लागलं नाही. फॉन्टाचं मत मी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं. तिथे त्यावर दोन दिवस उत्तम चर्चा झाली.

२० नोव्हेंबरला दुसरी प्रूफं गेली, आणखी १९२ रुपये. काकांनी या वेळी हिरव्या पेनाने तीनच गोल केले, तिन्ही माझ्या टायपिंगच्या चुका. समूहात एकही पैसा लागला नाही. खर्च झाला तो एसएसडीचा, दोन वेळच्या प्रूफांचा आणि आठ रात्रींचा. स्मरणिका ५ डिसेंबरला प्रेसमधून आली. कव्हरवर ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द ठसठशीत, र तिरपा.

मदत करणारा माणूस कोण, हे मी प्रश्न सुटेपर्यंत विचारलं नव्हतं. ६ नोव्हेंबरलाच गप्पांच्या दालनात जाऊन आभार मानले आणि विचारलं, तुम्हाला इतक्या लवकर कसं लक्षात आलं? तो धारवाडचा निघाला, घरात कन्नड बोलणारा. कन्नडमध्ये रॅली, रँक असे शब्द लिहिताना हेच अदृश्य चिन्ह लागतं, म्हणाला. ते गळालं की तिथलाही र भलत्याच रूपात दिसतो. त्याने एका वर्तमानपत्राच्या मथळ्यात हीच चूक पाहून वर्षापूर्वी डोकं फोडलं होतं. त्याने ‘रॅली’ दोनदा लिहून दाखवलं, चिन्हासह आणि चिन्हाशिवाय. मला कन्नड वाचता येतं, शाळेत होतं. फरक लगेच दिसला. शहापुरातल्या अक्कांना मी तो मेसेज तसाच पाठवला. त्यांचा उलटा फोन आला, त्यांच्याकडच्या एका निमंत्रणपत्रिकेत नेमकं तेच झालेलं.

बाबांना सांगितलं. ते वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "धारवाडचा व्हय?" आणि थोड्या वेळाने, "पुस्तक छापून आलं की त्याला एक पाठव की गं."

मी त्याला विचारलं. पत्ता द्यायला तो संकोचला, कव्हरचा फोटो टाका म्हणाला. ७ डिसेंबरला कार्यक्रमातून घरी आल्यावर टाकला, त्या गप्पांच्या दालनात. त्याने तो शब्द मोठा करून पाहिला असावा, कारण त्याचं पहिलं वाक्य र बद्दलच होतं. दुसरं होतं, बेळगावचा कुंदा कुठल्या गल्लीत चांगला मिळतो? त्याचं उत्तर मी दीड पान लिहिलं.